दीवच्या नीमा पारखाचीं दहा कलमें

परमुलुखांतील धनिकास किंवा कसबी मनुष्यास आपल्या राज्यांत कायमचें राहावयास परवाना देणें ही रीति अगदीं अलीकडची आहे, असा समज पुष्कळ ठिकाणीं दृष्टीस पडतो. कॅनडानें इ. स. १९६७ त अर्जदाराचें शिक्षण, कसब, भाषाज्ञान इत्यादिकांस गुण देऊन निवड करण्याची पद्धति सुरू केली. अमेरिकेनें इ. स. १९९० च्या कायद्यानें, भांडवल घालून दहा माणसांस रोजगार देणाऱ्या परकीयास वास्तव्याचा मार्ग खुला केला. भारत सरकारनेंही इ. स. २०१६ त, अठरा महिन्यांत दहा कोटि किंवा तीन वर्षांत पंचवीस कोटि रुपये गुंतवून दरसाल वीस लोकांस काम देणाऱ्या परदेशीयांकरितां दहा वर्षांच्या वास्तव्याची योजना जाहीर केली. या योजनांचीं नांवें नवीं आहेत. व्यवहार मात्र जुना आहे. आमच्या जुन्या दप्तरांत त्यास कौल म्हणत. असा एक कौल मागणाऱ्या सावकाराचा अर्ज इंग्रजांच्या दप्तरांत राहिला आहे. त्याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मुंबई बेट इंग्लंडच्या राजाकडून कंपनीकडे इ. स. १६६८ त आलें. त्याचा सालीना खंड दहा पौंड होता. पुढील वर्षीं जेरॉल्ड ऑन्जियर हा सुरतेचा प्रेसिडेंट व मुंबईचा गव्हर्नर झाला. बेटावर व्यापारी आणून वसविल्याशिवाय तें भरभराटीस येणार नाहीं, हें त्यानें ओळखिलें होतें. तथापि त्याची पहिली परीक्षा झाली ती निराळ्याच प्रकारें. इ. स. १६६९ च्या सप्टेंबरांत सुरतेच्या काजीच्या धर्मविषयक जुलुमास त्रासून सुमारें आठ हजार वाणी शहर सोडून भडोचेस गेले. जाण्यापूर्वीं त्यांच्या पुढाऱ्यांनीं ऑन्जियरची गांठ घेऊन मुंबईस आसरा मिळेल काय, असें विचारिलें. बादशहाचा रोष होऊन सुरतेचा व्यापार बुडेल, या भयानें ऑन्जियरनें त्यांस तूर्त अहमदाबादेस जाऊन तेथून बादशहाकडे दाद मागण्याचा सल्ला दिला. म्हणजे ज्यांस मुंबईनें बोलवावें, तेच दाराशीं आले असतां दार उघडलें नाहीं. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत, औरंगझेबाकडून आश्वासन आल्यावर, ते लोक सुरतेस परतले.

यानंतर आठ वर्षांनीं, ता. २२ मार्च १६७७ च्या सुमारास, दीव बंदरचा प्रतिष्ठित वाणी सावकार नीमा पारख यानें कंपनीच्या शिक्क्यानिशीं दहा कलमें मागितलीं. त्यांचा सारांश असा :

१. घर व वखार बांधण्यास शहरांत किंवा शहरालगत बिनभाड्याची जागा मिळावी.
२. आपल्या घरीं ब्राह्मणांसह स्वधर्म निर्वेधपणें आचरितां यावा. वाड्याच्या आवारांत इंग्रज, फिरंगी किंवा मुसलमान यांनीं राहूं नये व जीवहत्या करूं नये. प्रेतदहन व लग्नविधि आपल्या रीतीनें व्हावे. कोणासही बळानें ख्रिस्ती करूं नये, अथवा इच्छेविरुद्ध ओझीं वाहावयास लावूं नये.
३. पहाऱ्याच्या कामाची माफी असावी, आणि सरकारी किंवा खाजगी कामाकरितां जबरीनें कर्ज घेऊं नये.
४. दावा उत्पन्न झाल्यास आगाऊ सूचना दिल्यावांचून चारचौघांत धरूं नये. ज्ञातीतील तंटे ज्ञातींतच तोडूं द्यावे.
५. आपलीं गलबतें नांगरपट्टी न देतां आणावीं व न्यावीं.
६. बारा महिन्यांत न खपलेला माल जकातीवांचून बाहेर नेतां यावा.
७. ऋणकोची ऐपत संपल्यास इतर वाण्यांच्या आधीं आपलें येणें चुकतें व्हावें.
८. युद्धप्रसंगीं माल, द्रव्य व कुटुंब ठेवण्यास किल्ल्यांत वखार मिळावी.
९. गव्हर्नराकडे जातां येतां मानानें बसवावें; घोडा, पालखी, छत्री यांस अडथळा नसावा; चाकरांनीं तलवार व कट्यार बाळगावी.
१०. मक्त्यानें न दिलेले नारळ, सुपारी, पान इत्यादि जिन्नस मोकळेपणानें विकतां घेतां यावे.

हीं कलमें वर्गवार लाविलीं म्हणजे त्यांतील मर्म ध्यानांत येतें. निव्वळ व्यापाराचीं कलमें पांचवें, सहावें, सातवें व दहावें अशीं चारच आहेत. दोन जागेचीं व रक्षणाचीं आहेत. उरलेलीं चार धर्म, अब्रू व अंगाची मोकळीक यांसंबंधीं आहेत, आणि त्यांतच सर्वांत विस्तृत असें दुसरें कलम येतें. याचें कारण शोधण्यास दूर जावयास नको. दीव फिरंग्यांच्या अमलांत होतें, आणि हिंदूंचीं पोरकीं मुलें ताब्यांत घेऊन त्यांस ख्रिस्ती करण्याचा फिरंगी अमलांतील कायदा प्रसिद्ध आहे. शेजारीं सुरतेस इ. स. १६६९ त काय घडलें, हें वर सांगितलेंच आहे. तात्पर्य, सावकार नफ्याकरितां येत होता, परंतु राहणार होता तो अब्रूच्या भरंवशावर.

मुंबईकरांचें उत्तर ता. ३ एप्रिल १६७७ चें आहे. धर्माचें कलम सहज मान्य होण्यासारखें आहे, कारण बेटावरील वाणी ती मोकळीक पूर्वींपासून भोगीत आहेत, असें त्यांनीं लिहिलें. किल्ल्याविषयीं त्यांचें म्हणणें असें कीं, संकटसमयीं प्रतिष्ठितांस द्रव्य व जवाहीर आंत आणण्याची मुभा आहेच. मात्र अवजड मालानें किल्ला भरूं देतां येणार नाहीं. या उत्तरांतील धोरण आम्हांस महत्त्वाचें वाटतें. अर्जदार खास सनद मागतो. उत्तर देणारा म्हणतो, हें तर येथील सर्वांसच आहे. मेहेरबानीनें मिळालेला हक्क मेहेरबानीबरोबर जातो. सर्वांस असलेला हक्क एकट्याचा काढून घेणें कठीण असतें.

ही दृष्टि इंग्रजांचीच होती असें मात्र नव्हे. इ. स. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनीं लिहिलेल्या आज्ञापत्रांत सावकारांवर स्वतंत्र प्रकरण आहे. सावकारांनीं राज्य आबाद होतें, न मिळणाऱ्या वस्तु मिळतात, अडचणीचे वेळीं कर्ज उभें राहतें. यास्तव त्यांचा अपमान होऊं देऊं नये, आणि परदेशींचे थोर सावकार कौल देऊन आणावे, असा त्यांत उपदेश आहे. परंतु तेथेंच अमात्य दुसरा प्रश्न घालतात. टोपीकर हेही व्यापारीच, पण त्यांच्या पाठीशीं राजे आहेत. त्यांस कायमची जागा देऊं नये. द्यावीच लागली तर समुद्र व खाडी यांपासून दूर, सखल भागीं द्यावी, आणि बळकट इमारत बांधूं देऊं नये. नीमा पारखाच्या पाठीशीं कोणतेंही राज्य नव्हतें; ज्यांच्याकडे त्यानें अर्ज केला, त्यांच्या पाठीशीं होतें. पुढील शतकाचा इतिहास पाहतां अमात्यांची दूरदृष्टि नाकारतां येत नाहीं.

धनाप्रमाणेंच कसबासही मागणी होती. इ. स. १७३६ त सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया या पारशी सुताराग्रणीस कंपनीनें गलबतें बांधण्याकरितां मुंबईस आणिलें. इ. स. १७५० त तेथें सुकी गोदी झाली, आणि त्याच्या वंशजांनीं बांधलेलें ‘ट्रिंकोमाली’ हें इ. स. १८१७ चें जहाज अद्याप इंग्लंडांत तरंगत आहे. एका कारागिरास दिलेल्या ठावाचें फळ किती पिढ्या टिकतें, याचें हें उदाहरण होय.

असो. आजच्या योजनांत रकमा व नोकऱ्या मोजल्या जातात, आणि त्या मोजाव्याही. तथापि मनुष्य परक्या ठिकाणीं मूळ धरितो तो कोणत्या आधारावर, याचें उत्तर नीमा पारखानें आपल्या दुसऱ्या, चौथ्या व नवव्या कलमांत देऊन ठेविलें आहे. अर्ज तपासणारांनीं तीं कलमें एकवार वाचावीं, असें आम्हांस वाटतें.