हातचं पाणी : पंडिता रमाबाई आणि विहिरीवरची एक दुपार



माजिवड्याहून घोडबंदरकडे निघालात की पहिला मोठा नाका लागतो कापूरबावडी. नाव आपण रोज घेतो, पण त्यातली 'बावडी' ऐकू येत नाही. बावडी म्हणजे विहीर. आता तिथे उड्डाणपूल आहे, मेट्रोचे खांब आहेत, सिग्नलला अडकलेल्या रिक्षा आहेत. नावात विहीर, शहराची ओळख 'तलावांचं ठाणे', आणि मे महिना आला की सोसायटीच्या गेटवर टँकर. तहान म्हणजे काय हे ठाणेकराला वेगळं समजावून सांगायला नको.

आजचा भाग तहानेबद्दलच आहे. पण दोन तहानांबद्दल. घशाची आणि मनाची. ख्रिस्ती धर्मात या दोन्ही तहाना एका गोष्टीत येतात, आणि त्या गोष्टीने आपल्या महाराष्ट्रातल्या एका बाईचं आयुष्य बदललं. तलावपाळीवर फिरताना मासुंदा तलावाच्या बाजूचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च तुम्ही पाहिलं असेल. तिथेही ही गोष्ट वाचली जाते. पण ती गोष्ट एका मराठी विधवेने कशी ऐकली, ते आज बघू.

आधी गोष्ट. बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय. भर दुपार. येशू चालून चालून थकलेला, सूखार गावाजवळ याकोबाच्या विहिरीपाशी बसलेला. शिष्य खायला काही आणायला गावात गेलेत. जवळ ना दोर, ना पोहरा. तेवढ्यात घागर घेऊन एक बाई येते. ती शोमरोनी, तो यहूदी. येशू तिच्याकडे पाणी मागतो.

ती चकित होते. का? कारण यहूदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. तिथल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ काही अभ्यासक असा लावतात की ते एका भांड्यातून पाणीसुद्धा पीत नसत. आता सांगा, हे आपल्याला समजायला टीप लागते का? 'हातचं पाणी चालत नाही' हे वाक्य आपल्या आजी-पणजीच्या पिढीने रोज ऐकलंय.

मग येशू तिला म्हणतो की तुला जिवंत पाणी देईन, ते प्यायल्यावर पुन्हा तहान लागणार नाही. इथेही मराठी माणूस थोडा पुढे असतो. विहीर खणणाऱ्याला विचारा, तो सांगेल, 'झरा जिवंत आहे.' साठवलेलं पाणी वेगळं आणि आतून वाहत येणारं वेगळं. ग्रीकमध्येही 'जिवंत पाणी' म्हणजे आधी वाहतं पाणीच. बाईला वाटतं हा खऱ्याच पाण्याबद्दल बोलतोय. ती म्हणते, दे मला, म्हणजे रोज इथवर यायला नको. डोक्यावरून पाणी वाहणाऱ्या बाईचंच हे उत्तर आहे. शेवटी ती गावात धावत जाते आणि घागर तिथेच विसरते.

ती विहीर आजही आहे. पॅलेस्टाइनमधल्या नाब्लुस शहरात, एका ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चच्या आत. खोली सुमारे ४० मीटर.

आता येऊ पंडिता रमाबाईंकडे. जन्म २३ एप्रिल १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवलं आणि आईने रमाला. त्या काळात हा मोठा गुन्हाच. घर सुटलं, आणि हे कुटुंब वर्षानुवर्षं तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर फिरत राहिलं. 'तीर्थ' हा शब्द बघा. यात्रेचं ठिकाण म्हणजे तीर्थ, आणि देवळात तळहातावर मिळतं ते पाणीही तीर्थच. प्रत्येक पवित्र नदीत, कुंडात स्नान केलं, दानधर्म केला, उपास केले. पैसे संपले. मग १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. वडील, आई आणि मोठी बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेले. रमा आणि भाऊ श्रीनिवास पायी फिरत राहिले. कलकत्त्याला तिची विद्वत्ता पाहून लोकांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पण १८८० मध्ये भाऊ गेला. लग्न केलं बिपिन बिहारी मेधावींशी, वेगळ्या जातीच्या, वेगळ्या प्रांतातल्या माणसाशी. दोन वर्षांच्या आत ते कॉलऱ्याने गेले. पदरात छोटी मनोरमा. वय २३.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या सिस्टर्सकडे राहिल्या आणि त्याच वर्षी तिथे बाप्तिस्मा घेतला. त्या काळातला एक प्रसंग त्यांनी पुढे १९०७ मध्ये आपल्या आत्मकथनात लिहून ठेवलाय. लंडनमधल्या फुलहॅम भागात सिस्टर्सचं एक घर होतं. ज्या बायकांना समाजाने 'बिघडलेल्या' म्हणून टाकून दिलं होतं, त्यांना तिथे मायेने सांभाळलं जायचं. रमाबाईंना हे नवीन होतं. त्यांनी विचारलं, तुम्ही यांच्यासाठी एवढं का करता? उत्तर म्हणून सिस्टरने त्यांना योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. विहिरीवरची ती दुपार.

विचार करा, ऐकणारी कोण होती? ब्राह्मण घरात वाढलेली, सगळी तीर्थं पालथी घातलेली, विधवा. धर्मातलं पाणी कोणाला मिळतं आणि कोणाला नाही, हे तिला पाठ होतं. आणि इथे गुरू स्वतः तहानलेला बसलाय, आणि जिच्या हातचं चालत नाही तिच्याकडेच पाणी मागतोय. हा ख्रिस्तच खरा तारणारा, हे आपल्याला या अध्यायाने पटलं, असं रमाबाई सांगतात.

पण गंमत अशी की तहान तिथे भागली नाही. इंग्लंडात त्या शाकाहारीच राहिल्या. चर्चच्या काही सिद्धांतांवरून सिस्टर जेराल्डिनशी त्यांचे पत्रातून जोरदार वाद झाले. 'सांगितलं म्हणून मान' हे त्यांना जमलंच नाही. पुढे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडायला बाप्तिस्म्यानंतर आणखी सुमारे आठ वर्षं लागली. श्रद्धा म्हणजे एक बटण दाबलं आणि झालं, असं समजणाऱ्यांनी हे ऐकावं.

१८८९ मध्ये मुंबईत चौपाटीला त्यांनी शारदा सदन उघडलं, विधवांसाठी शाळा. पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं. तिथे हिंदू मुलींना आपापले जेवणखाणाचे नियम पाळायची मोकळीक होती. तरी १८९३ मध्ये वाद पेटला. मुलींना ख्रिस्ती करतात, असा आरोप झाला. 'केसरी'ने झोडपलं. रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार बाहेर पडले. रमाबाईंचं म्हणणं होतं, मी कोणावर सक्ती करत नाही, पण माझ्या प्रार्थनेच्या वेळी खोलीचं दारही लावून घेणार नाही.

मग १८९६-९७ चा दुष्काळ. ज्या बाईने स्वतः दुष्काळात आई-बाप गमावले, ती मध्य प्रांतात गेली आणि शेकडो मुली घेऊन आली. पुणे–दौंड रेल्वेमार्गावरच्या केडगावला त्यांनी कोरडी जमीन घेतली होती. तिथे विहिरी खणल्या, झाडं लावली, आणि 'मुक्ती' उभी राहिली. १९०० च्या दुष्काळानंतर तिथे जवळपास २००० मुली-बायका होत्या. एवढ्या जणींना रोज पाणी पुरवणं म्हणजे काय, हे टँकरची वाट बघणाऱ्या कुठल्याही सेक्रेटरीला विचारा. शेती, विणकाम, छपाई, सगळं बायकाच करायच्या. १९०५ मध्ये याच मुक्तीत प्रार्थनेची मोठी लाट आली. मुली तासन्‌तास रडत, मोठ्याने प्रार्थना करत. विहीर आणि प्रार्थना एकाच आवारात.

इथे एक अवघड प्रश्न आहे आणि तो टाळायचा नाही. भुकेल्या-तहानलेल्या अनाथ मुलीला तुम्ही जीव वाचवून आणता, आणि मग तिला तुमचा धर्मही सांगता. तिची निवड कितपत मोकळी? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला, आजही विचारला जातो. मला वाटतं, त्याचं माप त्या विहिरीच्या गोष्टीतच आहे. तिथे येशू पाणी वाटत सुटलेला नाही. तो आधी मागतो. देणारी ती आहे. आणि त्याच शुभवर्तमानात शेवटी क्रूसावर तो पुन्हा तहान लागल्याचं सांगतो. जिवंत पाण्याचं वचन देणारा तहानलेला मरतो. म्हणजे शरीराची तहान ही हलकी आणि आत्म्याची भारी, असं हे पुस्तक म्हणत नाही. वरच्या जागेवरून पाणी ओतणं सोपं असतं. खाली बसून कोणाच्या हातचं घेणं कठीण.

हे लक्ष्मीबाई टिळकांकडे बघून आणखी कळतं. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. 'स्मृतिचित्रे'मध्ये लक्ष्मीबाई सांगतात की नवऱ्याकडे परत आल्यावरही त्यांनी सोवळं सोडलं नव्हतं. पाणी वेगळं, चूल वेगळी. मग एकदा विचार करता करता त्यांना प्रश्न पडला, ही जात देवाने केली की माणसाने? माणसाने केली असेल तर मी कोणाचंही खाईन, पिईन. आणि त्यांनी ठरवून टाकलं. बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये. क्रम लक्षात घ्या: आधी हातचं पाणी, मग धर्म.

महाराष्ट्रात हा प्रश्न फक्त ख्रिस्ती घरांचा नव्हता. जोतिबा फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीने पाणी प्यायलं. कारणं वेगळी, वाटा वेगळ्या. पण प्रत्येक ठिकाणी माणसाची किंमत पाण्यापाशीच ठरत होती.

रमाबाई शेवटची वर्षं एकाच कामात होत्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. पंडितांसाठी नाही, नुकतं वाचायला शिकलेल्या बाईसाठी. म्हणजे तिला दुसऱ्याच्या पोहऱ्याची वाट बघायला नको. ते काम हातावेगळं होताच, ५ एप्रिल १९२२ ला, त्या गेल्या. केडगावची मुक्ती आजही चालू आहे.

तर मंडळी, एक गोष्ट करून बघा. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा, आपल्याकडे कोणाच्या हातचं पाणी चालत नव्हतं? आणि आज, घरी कामाला येणाऱ्या मावशींचा पेला वेगळा ठेवलाय का? उत्तर आम्हाला व्हॉइस नोटमध्ये पाठवा. भेटू पुढच्या भागात.