घरच्या विमानाची दोन आख्याने

अमरावतीच्या माणसास मुंबईस जावयाचे म्हणजे बडनेऱ्यास गाडी गाठावयाची, ही आमच्या पिढीची रीत. १६ एप्रिल २०२५ रोजी बेलोऱ्याहून मुंबईचे प्रवासी विमान सुरू झाले आणि वऱ्हाडातील दिवाणखान्यांतून विमानाच्या गोष्टी रंगू लागल्या. अशा बैठकींत एक वाक्य हटकून ऐकू येते : ‘राइट बंधूंच्या आधी आठ वर्षे आपल्या तळपद्यांनी विमान उडविले होते.’ हे खरे ठरल्यास आम्हांस आनंदच वाटेल. परंतु आपल्या आनंदाखातर इतिहास लिहावयाचा नसतो, म्हणून त्याची छाननी करणे प्राप्त आहे.

शिवकर बापूजी तळपदे हे मुंबईचे गृहस्थ. त्यांस विमानविद्येचा ध्यास होता, हे निर्विवाद. त्यांचे ‘मरुत्सखा’ नामक निर्मनुष्य विमान १८९५ साली चौपाटीवर पंधराशे फूट चढले, न्यायमूर्ती रानडे व सयाजीराव महाराज तेथे हजर होते, अशी आख्यायिका आहे. मात्र तपासून पाहता येईल असा समकालीन पुरावा अद्याप पुढे आलेला नाही. या संदर्भात ज्या ‘वैमानिकशास्त्रा’चे नाव घेतले जाते, त्याची बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी १९७४ साली परीक्षा केली. तो ग्रंथ १९०४ पूर्वीचा नव्हे व त्यातील विमाने उडण्याजोगी नाहीत, असा त्यांचा निर्णय पडला.

उलट राइट बंधूंचे पाहा. १७ डिसेंबर १९०३ चे त्यांचे पहिले उड्डाण अवघे १२ सेकंदांचे व १२० फुटांचे. पण त्यास पाच साक्षीदार होते, छायाचित्र होते, वडिलांस पाठविलेली तार होती. त्यामागे वातबोगद्यात पंखांच्या शेकडो नमुन्यांवर केलेले प्रयोग होते. इतके असूनही १९०८ साली विल्बरने फ्रान्समध्ये प्रत्यक्ष उडून दाखवीपर्यंत युरोपची खात्री पटली नाही. तेव्हा पुरावा मागणे हा कोणाचाही अपमान नव्हे.

पुराव्याने सिद्ध असे घरचे विमान आपल्याकडे नाही काय? आहे. व्यवसायाने वैमानिक असलेले कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. आधीचे प्रयत्न फसले होते. तरी घरच्या मंडळींनी पाठ सोडली नाही. विमान बांधणे म्हणजे दोन शत्रूंशी एकाच वेळी झुंजणे होय. सांगाडा भक्कम करावा तर वजन वाढते, वजन घटवावे तर बळ घटते. शिवाय भारकेंद्र जागेवरून फार मागे सरले की विमानाचा तोल वैमानिकाच्या हाती राहत नाही. त्यातून येथे कारखाना गच्चीवर! तयार झालेले यंत्र सुटे करून खाली उतरवावे लागले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलातील प्रदर्शनात मांडले गेले. नोंदणीसाठी २०११ पासून खटपट चालली होती. ती नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये मिळाली, उड्डाणाची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये, आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणी झाली.

या दिरंगाईबद्दल हळहळ वाटणे साहजिक आहे. तथापि इतिहासाच्या विद्यार्थ्यास तीत एक विलक्षण गोष्ट दिसते. ज्या कागदांनी त्या उद्योगी माणसाची वर्षे खाल्ली, त्याच कागदांनी त्याचे कर्तृत्व विस्मृतीपासून आणि अतिशयोक्तीपासूनही वाचविले. शंभर वर्षांनी कोणी शंका काढलीच, तर अर्ज, नोंद व परवाना उत्तर देतील. बिचाऱ्या तळपद्यांच्या पदरी असा एक कागद असता तर! त्यांच्या वाट्यास केवळ भक्त आले, आणि भक्तांनी उंची वाढविली. पुरावा मात्र कोणी जपला नाही.

म्हणून आमचे वाचकांस सांगणे इतकेच की, मुलांस दोन्ही गोष्टी अवश्य सांगाव्यात. पहिली सांगताना ‘असे म्हणतात’ हे दोन शब्द गाळू नयेत. दुसरी सांगताना त्यांची गरज पडणार नाही.