क्रिकेटपटूंचें आयुर्मान

१९९३ सालच्या ऑगस्टच्या २४ तारखेस प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर पुण्यास निवर्तले, तेव्हां त्यांच्या वयास १०१ वर्षें पुरीं होऊन सात महिने लोटले होते. वयाच्या ४९ व्या वर्षीं मुंबईविरुद्ध २४६ धांवा काढणारा आणि पन्नाशी उलटल्यावर नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतकें करणारा हा संस्कृतचा अध्यापक शतायुषी झाला, हें पाहून मैदानावर घाम गाळणारास काळ लवकर हात लावीत नाहीं, असें पुष्कळांस वाटलें तर नवल नाहीं. व्यायामाचा महिमा गाणारे वक्ते देवधरांचा दाखला देतात; आणि दाखला इतका ठसठशीत असतो, कीं त्यापुढें शंका काढणें अरसिकपणाचें वाटतें.

तथापि दाखल्यास दाखला देतां येतो. नवानगरचा अमरसिंग हा आपल्या देशाचा पहिल्या प्रतीचा गोलंदाज. देह धिप्पाड, खांदा बळकट, चेंडूचा वेग असा कीं इंग्लंडच्या भल्याभल्या फलंदाजांनीं त्याची वाखाणणी करावी. १९४० सालच्या मे महिन्याच्या २१ तारखेस जामनगर येथें न्युमोनियानें तो वारला; वय २९ वर्षें. त्याचा वडील बंधु रामजी हाही वेगवान गोलंदाज व कसोटी खेळाडू. तो १९४८ सालीं ४८ व्या वर्षीं गेला. ज्यानें देवधरांकडे बोट दाखवावें, त्यानें या दोघां भावांकडेही पाहिलें पाहिजे. एकेका माणसाच्या आयुष्यावरून सिद्धांत काढूं लागलें, म्हणजे आपल्यास हवा तो सिद्धांत निघतो.

म्हणून आम्ही एक लहानशी गणना करून पाहिली. १९३२ सालच्या जून महिन्याच्या २५ तारखेस लॉर्ड्सच्या मैदानावर हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना सुरू झाला. त्यांतील अकरा खेळाडूंपैकीं आज कोणीही हयात नाहीं. तेव्हां हिशेब पुरा झाला आहे. मृत्युसमयींचीं त्यांचीं वयें अशीं: अमरसिंग २९, वझीर अली ४६, कोला ४७, निसार ५२, नझीर अली ६८, पालिया ७१, कर्नल नायडू ७२, लालसिंग ७५, नाऊमल ७६, पहिला चेंडू खेळणारे आमचे जनार्दन नवले ७६, आणि जहांगीर खान ७८. सरासरी ६३ च्या आसपास येते.

हे सारे १८९५ ते १९१० यांच्या दरम्यान जन्मलेले. १९०१ ते १९११ या दशकांत हिंदुस्थानांत जन्मकाळचें सरासरी आयुर्मान अवघें २३ वर्षांच्या सुमाराचें धरण्यांत येतें. मग काय, क्रिकेटनें या अकरांस चाळीस वर्षें अधिक दिलीं? असें म्हणणें म्हणजे गणिताची थट्टा होय. तेवीस वर्षांचें आयुर्मान याचा अर्थ त्या काळचे लोक तेविसाव्या वर्षीं मरत, असा नव्हे. पाळण्यांत दगावलेलीं, देवी, पटकी, हिवताप यांनीं वर्षा-दोन वर्षांचीं असतांना नेलेलीं असंख्य बालकें त्या सरासरींत धरलेलीं आहेत. लॉर्ड्सच्या मैदानावर उतरणारास मुळीं बाळपण ओलांडूनच यावें लागतें. विसाव्या-पंचविसाव्या वर्षापर्यंत जगलेल्यांचीच जेथें निवड होते, तेथील सरासरी नवजात अर्भकांच्या सरासरीशीं ताडून पाहणें अन्यायाचें आहे.

ही चूक जुनी आहे. इंग्लंडच्या जन्ममृत्यु-नोंदणी खात्यांतील विल्यम फार यानें १८४३ सालींच ती उघड केली होती. सेनापति व बिशप हे कनिष्ठ अधिकाऱ्यांपेक्षां व तरुण पाद्र्यांपेक्षां अधिक वयाचे होऊन मरतात. त्यावरून बढतीनें आयुष्य वाढतें असें ठरत नाहीं, कारण बढती मिळेपर्यंत जगल्यावांचून कोणी सेनापति होतच नाहीं. पुढें १८६७ सालीं एका नामांकित शस्त्रवैद्यानें ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या नौकाशर्यती तरुणांच्या प्रकृतीचा नाश करतात, असा आक्षेप घेतला, तेव्हां डॉ. जॉन मॉर्गन यांनीं नुसता वाद न घालतां १८२९ ते १८६९ पर्यंतच्या २९४ वल्हेकऱ्यांची माहिती जमविली व १८७३ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. त्यांनीं तुलना केली ती वीस वर्षें पुरीं झालेल्या इंग्रज पुरुषांशीं. आणि वल्हेकरी सुमारें दोन वर्षें अधिक जगतात असें त्यांस आढळलें. २०१२ सालीं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्यें सुमारें १५ हजार ऑलिंपिक पदकविजेत्यांची गणना प्रसिद्ध झाली, तींतही लाभ २.८ वर्षांचा निघाला. लाभ आहे, पण तो दोन-तीन वर्षांचा आहे, चाळिसांचा नव्हे.

हा दोन-तीन वर्षांचा लाभ तरी खेळाचा, कीं निवडीचा? जो उत्तम खेळतो तो बहुधा मूळचाच निकोप असतो. शिवाय त्या काळीं क्रिकेट हा ज्यांच्या पोटास दोन वेळां मिळे, ज्यांस संस्थानिकांचा आश्रय किंवा महाविद्यालयाचें मैदान लाभे, त्यांचाच प्रायः खेळ होता. याला मोठा अपवाद पाळवणकर बाळू यांचा. चांभार कुळांत जन्मलेला हा गोलंदाज पुण्याच्या जिमखान्यांत मैदानाची राखण करतां करतां इंग्रज अधिकाऱ्यांस चेंडू टाकून शिकला. सहखेळाडू चहा घेत असतां त्यास बाहेर मातीच्या भांड्यांत चहा मिळे. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यानें शंभरांवर बळी मिळविले, आणि १९५५ सालीं ऐंशीच्या घरांत असतां तो वारला. त्याचें दीर्घायुष्य चेंडूनें दिलें, कीं चेंडूनें मिळवून दिलेल्या पगारानें व प्रतिष्ठेनें, हें सांगणें कठीण आहे. परंतु त्याच्यासारखाच हात असलेले आणि मैदानाच्या कुंपणापर्यंतही न पोंचलेले जे कित्येक असतील, त्यांचीं वयें आमच्या कोणत्याच सरासरींत येत नाहींत, हें मात्र खास.

आतां अकरा जणांच्या वयांकडे पुन्हां पाहूं. ५२ आणि ६८ यांच्या मध्यें एकही आंकडा नाहीं. चौघे लवकर गेले, सातजण म्हातारे होऊन गेले. अकरांवर नियम बसवूं नये, हें आम्ही जाणतों. पण लवकर गेलेल्यांपैकीं अमरसिंगास न्युमोनियानें नेलें आणि वझीर अली आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर १९५० सालीं वारला. ऑक्सफर्ड येथें रोग्यास पेनिसिलिन देण्याचा पहिला प्रयोग १९४१ सालीं झाला. अमरसिंग त्यापूर्वीं वर्षभर आधीं गेला होता. फुप्फुसांतील जंतूंस गोलंदाजाचा खांदा दिसत नाहीं. इंग्लंडांतही असेंच घडलें होतें. डॉक्टर ग्रेस यांचा धाकटा भाऊ फ्रेड हा १८८० सालीं ओव्हलच्या कसोटी सामन्यानंतर दोन आठवड्यांत न्युमोनियानें वारला. तोही २९ वर्षांचाच होता. ऑस्ट्रेलियाचा ट्रंपर मूत्रपिंडाच्या रोगानें १९१५ सालीं ३७ व्या वर्षीं गेला, आणि पहिल्याच कसोटी सामन्यांत १६४ धांवा काढणारा आर्ची जॅक्सन १९३३ सालीं क्षयानें, अवघ्या २३ व्या वर्षीं.

जेथें रोग नव्हता तेथें युद्ध होतें. केंटचा ब्लाइद व ऑस्ट्रेलियाचा कॉटर हे दोघे १९१७ सालीं आठ-नऊ दिवसांच्या अंतरानें रणांगणावर पडले. यॉर्कशायरचा व्हेरिटी १९४३ सालीं इटलींत युद्धकैदी असतां जखमांनीं वारला. आणि जेथें युद्धही नव्हतें तेथें मनाचा अंधार होता. श्रूसबरी, ट्रॉट, स्टोडर्ट या तिघां नामांकित इंग्लिश खेळाडूंनीं १९०३ ते १९१५ च्या दरम्यान स्वतःच्या हातांनीं आयुष्य संपविलें. हा विषय इतका गंभीर आहे, कीं डेव्हिड फ्रिथ यांनीं त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. टाळ्या थांबल्यावर पुढील तीस वर्षें काय करावयाचें, हें मैदान शिकवीत नाहीं. उलट बार्न्स ९४ वर्षें, ऱ्होड्स ९५ वर्षें, दक्षिण आफ्रिकेचा नॉर्मन गॉर्डन १०३ वर्षें, आणि आपल्याकडील दत्ताजीराव गायकवाड ९५ वर्षें जगले, हेंही तितकेंच खरें.

देवधर जन्मले त्यानंतर पांचव्या वर्षीं पुण्यांत प्लेगानें कहर केला. पुढें १९१८ च्या इन्फ्लुएंझानें देशांतील लक्षावधि तरुण नेले. त्या दोन्हींतून ते वांचले, म्हणून त्यांच्या नियमित जीवनास शंभर वर्षें मिळालीं. नियमितपणाचें श्रेय आम्ही नाकारीत नाहीं. दिवसेंदिवस अंग मोडून खेळणारा माणूस म्हातारपणींही ताठ चालतो, हें पुष्कळांनीं पाहिलें आहे. आमचें म्हणणें एवढेंच, कीं मुलांस मैदानावर पाठवितांना शंभर वर्षांचें वचन देऊं नये. अमरसिंगाच्या २९ वर्षांत अशी गोलंदाजी झाली, कीं तिचें वर्णन आजही लोक आवडीनें वाचतात. त्यास एकुणतिसाव्या वर्षापुढें नेण्यास गोलंदाजी पुरी पडली नाहीं. औषध हवें होतें, आणि तें वर्षभर उशिरां आलें. आयुष्य वाढवावयाचें असेल तर मैदानाबरोबर स्वच्छ पाणी, दवाखाना व पोटभर अन्न हींही वाढविलीं पाहिजेत. मैदान मात्र त्याच्या स्वतःच्या आनंदासाठीं असूं द्यावें.