नांगरामागे चाललेले मासिक

लोखंडी नांगर शेतात घातला तर जमिनीला विष लागते, अशी समजूत विसाव्या शतकाच्या आरंभी दख्खनच्या शेतकऱ्यांत होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात आपला पहिला लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा तो विकत घेणारा गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षे लागली. नांगर चांगला होता, लाकडी नांगरापेक्षा खोल जात होता. अडचण लोखंडात नव्हती, ती शेतकऱ्याच्या मनात होती. मनातली अडचण भट्टीत वितळत नाही. तिच्यासाठी दुसरेच अवजार लागते. ते अवजार किर्लोस्करांच्या कारखान्यात सतरा वर्षांनी तयार झाले. ते कागदाचे होते.

आज एखादे ऑनलाइन दुकान चालवणारा तरुण बाहेरच्या जाणकारांकडून लेख लिहवून घेतो. वाचक लेखासाठी येतो आणि जाताजाता दुकान पाहून जातो. ही युक्ती संगणकाच्या युगात जन्मली असे अनेकांना वाटते. मराठीत तिचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे, आणि तो सांगली जिल्ह्यातल्या एका माळरानावरून सुरू होतो.

लक्ष्मणराव मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत असताना त्यांना रंगांधळेपणाचा दोष असल्याचे लक्षात आले. रंग सुटले, रेषा राहिली. पुढे ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक आरेखन शिकवू लागले. तेथून बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग नांगर. बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली तेव्हा औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची जमीन देऊ केली. निवडुंगाने भरलेली आणि सापांनी वसवलेली ती जागा. १० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापनादिन मानला जातो.

हा सगळा भाग मराठी वाचकांना ठाऊक असतो. कारखानदारांच्या चरित्रांत तो येतोच. तुलनेने मागे राहतो तो माणूस म्हणजे लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर, ‘शंवाकि’ या आद्याक्षरांनी ओळखले जाणारे. हेही चित्रकार. कारखान्यात त्यांच्याकडे जाहिरातीचे काम होते. नांगराचे चित्र काढावे, त्याखाली चार ओळी लिहाव्यात, ते वर्तमानपत्रांकडे पाठवावे, असा तो व्यवहार. १९२० साली त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे नियतकालिक काढले. नाव अगदी सरळ होते. किर्लोस्करांची खबर, म्हणजे कारखान्यात काय चालले आहे, कोणता माल निघाला आहे, तो कसा वापरावा.

अशा पत्रांची प्रथा पाश्चात्त्य देशांत तेव्हा रुजलेली होती. अमेरिकेतील जॉन डियर ही कंपनीदेखील नांगरवालीच. तिने १८९५ साली ‘द फरो’ हे शेतकऱ्यांसाठीचे पत्र सुरू केले. फरो म्हणजे नांगराचे तास. फ्रान्समधल्या मिशलिन बंधूंनी १९०० साली मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शिका काढली. लोक अधिक फिरले की टायर अधिक झिजतील, हा त्यामागचा रोकडा हिशेब. फोर्ड कंपनीचे ‘फोर्ड टाइम्स’ १९०८ चे. या सर्वांना एक गोष्ट उमगली होती. आपल्या मालाची स्तुती आपणच केली तर माणूस पान उलटतो. त्याच्या उपयोगाचे काही सांगितले तर तो थांबतो.

‘खबर’चे वेगळेपण पुढच्या काही वर्षांत दिसू लागले. कारखान्याच्या बातम्या मागे सरकल्या आणि बाहेरचे लेखक पुढे आले. उद्योगधंद्यांवरचे लेख, स्वकष्टाने वर आलेल्या माणसांची चरित्रे, व्यंगचित्रे, कथा, आरोग्य, विज्ञान, सामाजिक प्रश्न. ना. सी. फडके, वि. स. खांडेकर, य. गो. जोशी यांच्यासारखे लेखक या पानांवर आले. यांपैकी कोणाचाही नांगराशी संबंध नव्हता. नेमके त्यामुळेच वाचक त्यांच्यावर विश्वास ठेवत होता. काही काळाने ‘खबर’ हा शब्द गळून पडला आणि मासिकाचे नाव नुसते ‘किर्लोस्कर’ राहिले.

आता नजर वऱ्हाडाकडे वळवली पाहिजे.

जुना वणी जिल्हा १९०५ साली यवतमाळ जिल्हा झाला. काळी कसदार जमीन, कापसाचे पीक, आणि तो कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या रुळांपर्यंत नेणारी अरुंद मापाची आगगाडी. या भागातला शेतकरी दरवर्षी नांगरत नसे. त्याचे मुख्य अवजार वखर. उन्हाळ्यात वखराच्या पाळ्या द्यायच्या, पाऊस पडला की पेरायचे, मग डवरे फिरवायचे. नांगर निघे तो काही वर्षांतून एकदा, हरळी किंवा कुंदा फार माजला म्हणजे. अशा शेतकऱ्याला लोखंडी नांगर विकायचा तर आधी ‘खोल नांगरटीने काय होते’ हे पटवावे लागणार. ते चौकोनी जाहिरातीत मावत नाही. त्याला लेख लागतो, आणि तो लेख वाचून दाखवणारा कोणीतरी लागतो.

वाचून दाखवणारा हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. १९२१ च्या जनगणनेत हिंदुस्थानातील साक्षरतेचे प्रमाण शेकडा ७ च्या आसपास होते. मासिक नांगरधारी शेतकऱ्याच्या हातात थेट जाणे अवघड होते. ते जाई शाळामास्तराकडे, पाटलाकडे, वकिलाकडे, तालुक्याच्या वाचनालयात. म्हणजे मासिक वाचणारा एक आणि नांगर घेणारा दुसरा. जाहिरातशास्त्राच्या दृष्टीने हा व्यवहार आतबट्ट्याचा दिसतो. प्रत्यक्षात खेड्यात नवी वस्तू शिरते ती चार शब्द जाणणाऱ्या माणसाच्या ओसरीवरूनच. त्या ओसरीवर किर्लोस्कर हे नाव आदराने घेतले जाणे, ही नांगराच्या विक्रीची पूर्वतयारीच होती.

याच सुमारास यवतमाळात एक वेगळे पत्र निघाले होते. वणीचे माधव श्रीहरी तथा बापूजी अणे यांनी १९१८ साली ‘लोकमत’ हे साप्ताहिक सुरू केले. त्याचे नाव लोकमान्य टिळकांनी सुचवलेले. दोन पत्रे, जन्माच्या वर्षांत जेमतेम दोन वर्षांचे अंतर, आणि दोघांचे पाय अगदी भिन्न जमिनीत. ‘लोकमत’च्या मागे मत होते, कारखाना नव्हता. १९३० च्या जुलैत पुसदला जंगल सत्याग्रह झाला आणि अण्यांना अटक झाली. कायदेभंगाच्या त्या काळातल्या सरकारी रोषापुढे ते पत्र टिकले नाही. हे नाव पुन्हा छापले गेले ते स्वातंत्र्यानंतर. जवाहरलाल दर्डा यांनी यवतमाळहून साप्ताहिकरूपाने ते पुन्हा सुरू केले आणि १९७१ साली नागपुरातून ते दैनिक झाले.

‘किर्लोस्कर’ मात्र त्या सर्व काळात निघत राहिले. मागे कारखाना असण्याचा हा लाभ. आणि येथेच खरा प्रश्न उभा राहतो. ज्या पत्राचा खर्च नांगराच्या नफ्यातून सुरू झाला, त्याने नांगर घेणाऱ्याला न रुचणारे छापावे काय?

शंकररावांनी ते छापले. विनायक दामोदर सावरकर १९२४ पासून रत्नागिरीत स्थानबद्ध होते. राजकारणात भाग घ्यायचा नाही, अशी अट होती. त्यामुळे त्यांची लेखणी समाजसुधारणेकडे आणि विज्ञाननिष्ठेकडे वळली, आणि त्यांच्या अशा निबंधांना ‘किर्लोस्कर’ने मोठी जागा दिली. रूढी, ग्रंथप्रामाण्य, भोळ्या समजुती यांवर ते निबंध तुटून पडत. त्यांतली मते सर्वांना मान्य होणारी नव्हती, आजही नाहीत. व्यापाऱ्याच्या साध्या शहाणपणाने पाहिले तर हा उद्योग आत्मघातकीच. श्रद्धाळू गिऱ्हाईक दुखावला तर तो दुसऱ्याचा नांगर घेईल. परंतु लोखंडाने जमीन विटाळते ही समजूत आणि इतर भोळ्या समजुती एकाच मुळाच्या, हेही खरे. विज्ञाननिष्ठ मासिक आणि लोखंडी नांगर यांचा शत्रू एकच होता. शंकररावांनी हा हिशेब मनात मांडला होता की निव्वळ सुधारकाच्या ओढीने ते छापत गेले, याचा निवाडा सोपा नाही. दोन्ही प्रेरणा एका माणसात सुखाने नांदू शकतात.

१९३० साली त्याच घराने ‘स्त्री’ मासिक काढले, १९३४ साली ‘मनोहर’. ‘स्त्री’चे उदाहरण अधिक बोलके आहे. नांगर, पंप, यंत्रे यांतले काहीही त्या काळची गृहिणी विकत घेत नव्हती. तरी स्त्रियांचे शिक्षण, विवाह, घरातले स्थान यांवर त्या मासिकात मोकळेपणाने लिहिले गेले, आणि ज्या स्त्रियांनी पूर्वी छापील अक्षर केवळ पोथीत पाहिले होते, त्या पत्रे लिहू लागल्या, पुढे लेख लिहू लागल्या. येथे पाहुण्या लेखकाचा अर्थच पालटतो. वाचकच लेखक झाला. ज्या क्षणी हे घडले त्या क्षणी मासिक कारखान्याचे जाहिरातपत्र उरले नाही. त्याचे स्वतःचे वर्गणीदार होते आणि त्यात इतरांच्याही जाहिराती येत. गिऱ्हाईक आणण्यासाठी बांधलेली ओसरी घरापेक्षा मोठी झाली.

कौतुकाबरोबर एक उणीवही नोंदवणे आवश्यक आहे. ‘किर्लोस्कर’चा मूळ स्वभाव उद्यमाचा होता. माणसाने कंबर कसावी, नवे शिकावे, आळस टाकावा, यश येतेच, अशी त्याची धाटणी. शंकररावांची स्वतःची पुस्तकेही याच वळणाची. ‘यशस्वी धंद्याचा मार्ग’ हे शीर्षकच पुरेसे आहे. परंतु १९३० च्या जागतिक मंदीत कापसाचे भाव कोसळले तेव्हा यवतमाळच्या कुणब्याने कंबर कसून काय साधणार होते? त्याच्या कापसाचा भाव लिव्हरपूलच्या बाजारात ठरत होता आणि व्याजाचा दर गावच्या सावकाराच्या वहीत. नांगर खोल गेला, पीक वाढले, तरी त्या दोन जागांवर त्याची पकड नव्हती. उद्योगाच्या पैशावर वाढलेले पत्र उद्यमशीलतेचे गुणगान मनापासून करते, पण बाजाराच्या अन्यायाकडे त्याची दृष्टी सहजासहजी वळत नाही. हा दोष एका संपादकाचा मानू नये. त्या प्रकारच्या पत्राच्या जातीतच तो आहे, आणि आजच्या कंपन्यांच्या लेखनातही तो जसाच्या तसा आढळतो.

पाहुण्या लेखांनी माल खपवण्याची दुसरी मराठी परंपरा भिंतीवर टांगलेली आहे. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ सुरू केले. तिथी, वार, सण दाखवणारी दिनदर्शिका कोणीही छापू शकत होता. साळगावकरांनी महिन्याच्या पानाची पाठ मोकळी सोडली नाही. तेथे नामवंतांचे लेख, आरोग्य, पाककृती, भविष्य आले. पान उलटून वाचण्यासारखे काही आहे म्हटल्यावर घराघरात त्याच नावाचा आग्रह धरला जाऊ लागला. दिवाळी अंकांचे गणितही याहून फार निराळे नाही. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढल्यापासून मराठी साहित्यातला मोठा भाग जाहिरातींच्या शेजारीच छापला गेला आहे. डाव्या पानावर कथा आणि उजव्या पानावर केशतेल, हे दृश्य मराठी वाचकाला कधी खुपले नाही. खुपले असते ते कथेतच केशतेल शिरले असते तर. सीमा नेमकी तेथे होती, आणि चांगल्या संपादकांनी ती पाळली.

शंकरराव किर्लोस्कर १९७५ साली वारले. त्याआधी ‘शंवाकीय’ या आत्मचरित्रात त्यांनी आपला प्रवास लिहून ठेवला होता. मासिकांचे बिऱ्हाड किर्लोस्करवाडीहून पुण्याला हलले होते आणि सूत्रे मुकुंदराव किर्लोस्करांकडे गेली होती. ‘स्त्री’च्या संपादनात अनेक वर्षे घालवून विद्या बाळ १९८० च्या दशकात तिच्या संपादक झाल्या. त्यातून बाहेर पडल्यावर त्यांनी १९८९ साली ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले. त्या मासिकाच्या मागे नांगराचा कारखाना नव्हता. ‘स्त्री’ने घडवलेल्या वाचकांपैकी ज्यांनी नव्या पत्त्यावर वर्गणी पाठवली, त्यांच्या बळावर त्याचा आरंभ झाला.