वऱ्हाडातील दुष्काळ, पोरकी मुले आणि ख्रिस्ती मिशन

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडात आलेल्या ख्रिस्ती मिशनऱ्यांविषयी दोन प्रकारचे लेखन आढळते. एकात मुलांना मृत्यूच्या दाढेतून ओढून काढणाऱ्या सेवेची कथा आहे. दुसऱ्यात उपासमारीचा लाभ घेऊन मुलांचा धर्म हिरावल्याचा आरोप आहे. दोहोंच्या केंद्रस्थानी मूलच आहे. पण दोहोंतही ते मूल बोलत नाही. या मौनाचा विचार केल्याखेरीज प्रस्तुत विषयाचे ऐतिहासिक मूल्यमापन अपुरे राहील.

प्रथम परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला वऱ्हाड हा कापसाचा संपन्न प्रांत म्हणून प्रसिद्ध होता. १८६७ मध्ये मुंबई-नागपूर लोहमार्ग पूर्ण झाल्यावर अकोला, खामगाव व अमरावती येथील बाजारपेठा जगाच्या व्यापाराशी जोडल्या गेल्या. ही संपन्नता मात्र मजुरांच्या घरी धान्यरूपाने साठलेली नव्हती. पाऊस चुकला की कापूस बुडे, शेतातील काम थांबे आणि त्याच वेळी ज्वारीचा भाव चढे. १८९६-९७ मध्ये याची झळ लागली. १८९९-१९०० मध्ये तर संकटाने सारा प्रांत व्यापला. १८९१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची लोकसंख्या २८,९७,४९१ होती. १९०१ मध्ये ती २७,५४,०१६ भरली. ही घट म्हणजे केवळ दुष्काळबळींची संख्या नव्हे. तथापि वाढत्या लोकसंख्येच्या प्रांतात दहा वर्षांत सुमारे पाच टक्के माणसे कमी व्हावीत, यातच त्या दशकाचे स्वरूप स्पष्ट होते.

अशा वेळी मुले पोरकी होण्याचे प्रकार अनेक होते. कोणाचे आईबाप मरत. कोणाचे मजुरीच्या शोधात दूर जात. कोणी स्वतःच मुलाला अन्नछत्राजवळ सोडून देत. म्हणजे ज्याला दप्तरात ‘अनाथ’ म्हटले गेले, त्याचे आईबाप हयात असण्याचा संभव होता. ‘पोरका’ या मराठी शब्दात आधार तुटल्याची अवस्था आहे. ‘अनाथ’ या शब्दात नाथ नसल्याचा निर्वाळा आहे. एका शब्दाच्या जागी दुसरा आला म्हणजे मूल कोणाच्या तरी हवाली करण्याचा मार्ग मोकळा होतो. हा केवळ शब्दच्छल नव्हे.

वऱ्हाडात त्या काळी ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन संस्थेचे केंद्र अकोला येथे होते. संस्थेने अकोल्यास मुलांसाठी व खामगावास मुलींसाठी अनाथाश्रम चालविले. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यातच मोडत असे. १९०५ च्या पुनर्रचनेत ते बुलढाण्याकडे गेले. या मिशनमधील जेनी फुलर यांनी भारतीय स्त्रियांच्या दुःस्थितीवर लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९०० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याला पंडिता रमाबाईंची प्रस्तावना आहे. अल्बर्ट नॉर्टन यांनी आरंभी एलिचपूर, म्हणजे आजच्या अचलपूर, परिसरात कोरकूंमध्ये काम केले आणि पुढे दौंड येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी आश्रम चालविला. वऱ्हाडचे मिशन व रमाबाईंचे केडगाव यांचा संबंध असा निकटचा होता.

रमाबाईंचे आईवडील त्यांच्या तरुणपणीच दुष्काळात गेले होते. १८९६-९७ मध्ये त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली व बालविधवा घेऊन आल्या. १९०० मध्ये गुजरातमधून आणखी मुली आल्या. केडगावच्या मुक्तिसदनात दीड हजारांहून अधिक माणसे एकत्र राहू लागली. अत्याचाराला बळी पडलेल्या आणि समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी तेथे ‘कृपासदन’ हा स्वतंत्र विभाग होता. हिंदी व गुजराती बोलणाऱ्या मुली तेथे मराठी शिकल्या. रमाबाईंच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झालेले त्यांचे बायबलचे भाषांतर याच आश्रमाच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनी जुळविले व छापले. जिला कोणी वाली नव्हता तिच्या हाती खिळे आले, ही गोष्ट लहान नव्हे. मात्र त्याच वेळी तिची मूळ बोली मागे पडली, हेही तितकेच खरे.

मेळघाटात याची दुसरी बाजू दिसते. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. तिचे व्याकरण मिशनरी जॉन ड्रेक यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केले. धर्मप्रसाराच्या हेतूने झालेल्या या कामामुळे जिच्याकडे शेजारच्या सुशिक्षितांनी लक्ष दिले नव्हते, त्या भाषेची नोंद राहिली. हेतू आणि फल यांची गल्लत न करता दोहोंची नोंद घेणे इतिहासकाराचे कर्तव्य आहे.

मिशनच्या कार्यावरील आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. १८९७ पासून लाला लजपतराय व आर्य समाज यांनी मध्य प्रांतातील हिंदू अनाथांना स्वधर्मीय आश्रमांत नेण्याची चळवळ केली आणि लजपतरायांनी १९०१ च्या दुष्काळ आयोगापुढे साक्ष दिली. मूल प्रथम नातेवाइकांकडे, नंतर स्वधर्मीयांकडे सोपवावे, हे तत्त्व या वादातून बळावले. पंढरपूरचा अनाथाश्रम प्रार्थना समाजीयांनी त्यापूर्वीच उभा केला होता; परंतु असे आश्रम विरळ होते. आक्षेप घेणाऱ्या समाजाने आपल्या टाकलेल्या मुलांसाठी आधी काय केले, हा प्रश्न त्यामुळे टळत नाही. पुढे १९५४ मध्ये, वऱ्हाड मध्य प्रदेशात असताना, नेमलेल्या नियोगी समितीने मिशनच्या शाळा, दवाखाने व अनाथाश्रम यांचा धर्मांतराशी असलेला संबंध हाच आपल्या चौकशीचा विषय केला.

तात्पर्य, अन्न दिले हे सत्य आणि उपाशी मुलाची संमती घेणे अशक्य होते हेही सत्य. पहिल्याने दुसरे पुसले जात नाही, दुसऱ्याने पहिले खोटे ठरत नाही. सेवेची कसोटी सेवकाच्या श्रद्धेत किंवा टीकाकाराच्या अभिमानात शोधून भागणार नाही. त्या मुलाचे नातेवाईक शोधले गेले काय, त्याचे नाव व भाषा राखली गेली काय, मोठेपणी परतण्याची वाट त्याला मोकळी राहिली काय, हे प्रश्न प्रत्येक आश्रमाला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, विचारले पाहिजेत. अकोला व खामगाव येथील आश्रमांचा इतिहास लिहिताना प्रवेशितांची संख्या मोजून थांबणे पुरेसे नाही. ती मुले पुढे कोणत्या गावी, कोणत्या नावाने व कोणती भाषा बोलत जगली, याचा माग काढला तरच पोरक्या मुलांचा इतिहास त्यांचा स्वतःचा होईल.