गर्टिन, टॉमस

(१८ फेब्रुवारी १७७५–९ नोव्हेंबर १८०२). प्रख्यात इंग्रज निसर्गचित्रकार. जलरंगास स्वतंत्र चित्रमाध्यमाची प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या आद्य कलावंतांपैकी एक. लंडनमधील साउथवर्क येथे जन्म. वडील ब्रश तयार करण्याचा व्यवसाय करीत. त्याच्या बालपणीच ते निवर्तले. १७८९ मध्ये एडवर्ड डेझ या चित्रकाराकडे त्याने उमेदवारी पतकरली. पुढे डॉ. टॉमस मन्रो या कलासंग्राहक वैद्याकडे तो व त्याचा समवयस्क टर्नर यांनी जॉन रॉबर्ट कझन्सच्या रेखाचित्रांच्या प्रतिकृती केल्या. गर्टिनने बाह्यरेषा रेखाटाव्यात व टर्नरने त्यांवर रंगांचे हात द्यावेत, अशी ही विभागणी होती. १७९४ पासून रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनांत त्याची चित्रे झळकू लागली.

तत्कालीन जलरंगचित्रे म्हणजे बहुधा प्राचीन वास्तूंची व प्रेक्षणीय स्थळांची रंगविलेली रेखाटनेच असत. करड्या छटेत छायाप्रकाश दाखवून त्यावर फिकट रंग देण्याची प्रथा होती. गर्टिनने ही करडी पूर्वछटा वगळली आणि खरबरीत, शोषक कागदावर वस्तूंचे मूळ रंग थेट योजले. तपकिरी, पिवळसर व निळसर-करड्या अशा मोजक्या रंगांतून त्याने उत्तर इंग्लंडमधील ओसाड माळ, टेकड्या व ढगाळ आकाश साकार केले. तपशिलापेक्षा वातावरणाचा एकसंध परिणाम त्यास महत्त्वाचा वाटे. द व्हाइट हाउस ॲट चेल्सी (१८००) या चित्रात कोणतीही विख्यात वास्तू केंद्रस्थानी नाही. टेम्स नदीकाठचे एक लहानसे पांढरे घर, त्याचे पाण्यातील प्रतिबिंब व मावळता उजेड हाच त्याचा विषय होय.

१८०१-०२ मध्ये त्याने पॅरिसला वास्तव्य केले. तेथील दृश्यांची त्याची अम्लरेखने १८०३ मध्ये, मरणोत्तर प्रसिद्ध झाली. लंडन शहराचे आयडोमेट्रोपोलिस हे सु. १०८ फुट लांबीचे वर्तुळाकार विशालदृश्य १८०२ मध्ये प्रदर्शित झाले. मूळ चित्र आज उपलब्ध नाही, तथापि त्याची काही पूर्वरेखाटने ब्रिटिश म्यूझीयममध्ये आहेत. प्रदर्शन चालू असतानाच, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी तो लंडन येथे मृत्यू पावला. टॉम जगता तर आपली उपासमार झाली असती, असे उद्‌गार टर्नरने काढल्याचे सांगतात.

सर जॉर्ज बोमंट यांच्या संग्रहातील गर्टिनच्या चित्रांचा तरुण कॉन्स्टेबलवर प्रभाव पडला. गर्टिनने वापरलेले नीळ व अन्य काही रंग प्रकाशाने उडत असल्याने त्याच्या अनेक चित्रांतील आकाश आज मूळ स्वरूपात दिसत नाही. तरीही रंगाच्या सपाट, विस्तृत हातांतून अवकाशाची खोली सूचित करण्याचे त्याचे सामर्थ्य त्यांत प्रत्ययास येते.