मोडनिंबची लहान रेल्वे व विमानांच्या कारखान्यांतील स्त्रिया

माढा तालुक्यांतील मोडनिंब हें गांव जुन्या बार्शी लाइट रेल्वेच्या कुर्डुवाडी-पंढरपूर फांट्यावरील स्टेशन म्हणून वारकऱ्यांस परिचित होतें. हा फांटा १९०६ सालीं सुरू झाला. त्या वेळीं रुळांतील अंतर अवघें अडीच फूट होतें. सांप्रत तेथें रुंद रूळ आहेत. या रेल्वेचा विमानांशीं कांहीं संबंध असेल असें सहसा कोणाच्या मनांत येणार नाहीं. परंतु तो आहे, व दुहेरी आहे.

पहिला संबंध रेल्वेचे आद्य इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचा. त्यांचे स्नेही चार्ल्स रोल्स हे १९१० सालीं विमान कोसळून मृत्यु पावले. वैमानिकाचा जीव वाचावा या हेतूनें कॅलथ्रॉप यांनीं पुढें रेशमी हवाई छत्री सिद्ध केली व तिला 'गार्डियन एंजल' हें नांव दिलें. पहिल्या महायुद्धांत शत्रूच्या मुलखांत हेर उतरविण्याच्या कामीं ती आली. दुसरा संबंध सोलापूरचे वालचंद हिराचंद यांचा. याच रेल्वेच्या येडशी ते तडवळे या तुकड्याचें काम त्यांच्या आरंभींच्या मक्त्यांपैकीं होय. आणि त्यांनींच १९४० सालीं बंगलोर येथें हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापिली.

हीं दोन नांवें इतिहासानें जपलीं. विमानें घडविणारे हात मात्र निनांवी राहिले, व त्यांत स्त्रियांचे हात पुष्कळ होते. पहिल्या महायुद्धांतील विमानाचे पंख लांकडी सांगाड्यावर लिननचें कापड ताणून करीत. तें शिवणें व ताठ व्हावें म्हणून त्यावर रोगण चढविणें हीं कामें इंग्लंडांत बहुतांशीं स्त्रियांकडे आलीं. आरंभींच्या कांहीं रोगणांत टेट्राक्लोरोएथेन हें द्रव्य असे. त्याच्या वाफेनें यकृत बिघडून कावीळ होई, व कांहीं कामकरी दगावलेही. निराळीं रोगणें प्रचारांत आल्यावर ही पीडा हटली.

दुसऱ्या महायुद्धांत, डिसेंबर १९४१ च्या कायद्यानें, ब्रिटनांतील २० ते ३० वर्षांच्या अविवाहित स्त्रियांस युद्धकार्यास बोलावण्याचा अधिकार सरकारास मिळाला. ग्लासगोनजीक हिलिंग्टन येथें, उपर्युक्त रोल्स यांचें नांव चालविणाऱ्या रोल्स-रॉइस कंपनीच्या कारखान्यांत, 'मर्लिन' जातीचीं विमान-इंजिनें होत. १९४० च्या करारान्वयें पुरुषाचें काम साहाय्यावांचून करणाऱ्या स्त्रीस ठराविक मुदतीनंतर पुरुषाइतकी मजुरी मिळावयाची होती. परंतु तेंच काम 'बायकी' ठरविलें कीं दर उतरे. १९४३ सालीं तेथील स्त्रियांनीं संप केला; पुष्कळ पुरुषही त्यांस मिळाले. अखेर कारखान्यांतील यंत्रांची यादी होऊन यंत्रागणिक काम व दर नमूद करणारा करार झाला.

आमच्या वाचकांस हा प्रकार अपरिचित वाटूं नये. जमिनीची प्रत कागदावर चढली म्हणजे कुळावर मनमानी आकार बसविणें कठीण जातें. येथेंही तेंच झालें. काम लेखीं आलें, तेव्हां मजुरीचा वाद सुटण्यास आधार सांपडला. म्हणून सनदा व बखरी जमविणाऱ्या संग्राहकांस आमची विनंती आहे कीं, रेल्वे व कारखाने यांचे हजेरीपट, मजुरीचीं पत्रकें व छायाचित्रें रद्दींत जाऊं देऊं नयेत. इंजिनिअराचें व मक्तेदाराचें चरित्र कोणी तरी लिहितोच. कामकरी स्त्रीचें नांव टिकलें तर अशाच कागदांवर टिकेल.